रंजना : ‘चानी’ आणि तिच्या आजूबाजूच्या भूमिका

वालावलात उभं राहून रंजनावर बोलायचं म्हणजे ‘चानी’पासूनच सुरुवात करा, असा आग्रह काहींनी धरला. तळं इथं, देऊळ इथं, शूटिंग इथलं. साहजिक आहे. पण आम्ही थोडं मागून येणार आहोत. कारण ‘चानी’ म्हटलं की आपल्या गावात लोक लक्ष्मीनारायणाच्या देवळाबद्दल बोलतात, शांतारामबापूंबद्दल बोलतात, युनिट कुठं उतरलं होतं ते सांगतात. जिच्या अंगावर तो अख्खा सिनेमा उभा आहे ती बाई मात्र बोलण्यात शेवटी येते, आणि आली की लगेच तिच्या अपघाताचा विषय निघतो. १९८७ साली बंगळूरकडे चित्रीकरणाला जाताना झालेला अपघात, मग व्हीलचेअर, आणि २००० सालच्या मार्चमध्ये मृत्यू. हे सगळं खरं आहे, वाईट आहे. पण त्या दुःखाच्या काचेतून तिच्या आधीच्या भूमिका बघायची आपल्याला सवय लागली आहे, आणि त्यामुळे तिचं काम दिसतच नाही. आज तेवढा अपघात बाजूला ठेवू. एकेक भूमिका घेऊ.

रंजना देशमुख जन्मली १९५५ साली. आई वत्सला देशमुख, स्वतः कसलेली अभिनेत्री. ‘पिंजरा’तली त्यांची आक्का कोण विसरेल? मावशी संध्या, म्हणजे शांतारामबापूंची नायिका आणि पत्नी. तेव्हा ही मुलगी सिनेमात आली ती घरच्या दारातून. काही लोक हे जरा नाक मुरडून सांगतात. आम्हाला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. घरच्या दारातून येणाऱ्याला दार उघडं मिळतं हे खरं, पण आत गेल्यावर भिंतीवर आधीच तसबिरी टांगलेल्या असतात. १९७५ च्या ‘चंदनाची चोळी अंग अंग जाळी’ मध्ये पडद्यावर संध्याही आहेत आणि रंजनाही आहे. मावशीच्या कारकिर्दीचा हा अखेरचा टप्पा आणि भाचीची सुरुवात, एकाच चित्रपटात.

त्यात रंजना कशी दिसते? आमचं मत स्पष्ट सांगतो : अवघडलेली. शांतारामबापूंच्या चित्रचौकटीत बाई कशी उभी राहते याचा एक ठरलेला डौल होता. मानेचा बाक, डोळ्यांची फेक, हात कुठं थांबायचा ते. संध्यांनी तो वर्षानुवर्षं अंगात मुरवला होता. नव्या मुलीच्या अंगावर तो दुसऱ्याच्या मापाने शिवलेल्या झग्यासारखा बसतो. नजर कॅमेऱ्याला हवी तिथं जाते खरी, पण तिथं गेल्यावर काय करायचं हे तिला ठाऊक नसतं. त्याच सुमाराच्या ‘झुंज’ मध्ये रवींद्र महाजनींबरोबर ती आली. तिथं अंग जरा मोकळं झालं आहे. देखणी जोडी म्हणून लोकांनी ती उचलली आणि पुढं ‘मुंबईचा फौजदार’ पर्यंत ती जोडी चालली. पण ‘झुंज’ वर आम्ही जास्त थांबत नाही, तिथं तिला करायला फारसं काही दिलेलंच नाही.

आता १९७७. ‘चानी’.

आपल्याकडं चानी म्हणजे खार, हे तुम्हाला सांगायला नको. घाटावरच्या वाचकाला ते नाव नुसतं गोड वाटतं. आपल्याला मात्र लगेच झाडावरून सुर्रकन जाणारं, हाताला न लागणारं जनावर दिसतं. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते नाव उगाच ठेवलेलं नाही. ते आपल्याच मातीतले, १९३० साली वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत जन्मलेले. गोऱ्याच्या अत्याचारातून जन्मलेली, पिंगट केसांची, गोरी मुलगी. आणि तिच्या रंगाकडं बघूनच तिला शिक्षा देणारा गाव. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा खानोलकर नव्हते, १९७६ च्या एप्रिलमध्ये ते गेले होते. गाणी मात्र त्यांचीच, आरती प्रभूंची. संगीत हृदयनाथांचं, आवाज लताबाईंचा.

इथं एक गंमत बघा. ती गाणी एवढी मोठी झाली की चित्रपट त्यांच्या मागं लपला. रेडिओवर आज पन्नास वर्षं चानी ऐकणारे लाखो लोक आहेत. त्यांच्यातल्या कितीजणांच्या डोळ्यांपुढं रंजनाचा चेहरा येतो? त्यांना लताबाई ऐकू येतात. गाण्याला हा मान मिळावाच, पण त्या मानात नटीचं काम बुडालं.

ते काम कसलं? आपल्या दशावतारात स्त्रीपार्टी येतो तेव्हा सगळ्या मांडाला माहीत असतं की हा बाप्या आहे, सकाळी शेतात दिसलेला. तरी लोक रात्र जागवतात. कारण तो बाई कशी घडवतो, पदर कसा सावरतो, पाऊल कसं टाकतो हे बघायचं असतं. आम्हाला वाटतं, ‘चानी’ तसाच बघावा. केसांचा टोप खोटा आहे, सरळ कळतो. रंग खोटा आहे. शांतारामबापूंचा रंगांचा सोस इथंही सुटलेला नाही. काही ठिकाणी दैन्यसुद्धा इतकं सुंदर मांडलेलं आहे की खानोलकरांच्या कादंबरीतली घाण, भूक, किळस पुसून जाते. ही आमची या चित्रपटावरची मुख्य तक्रार, आणि ती दिग्दर्शकावर आहे. पंचाहत्तरी गाठलेला माणूस स्टुडिओतून उठून कोकणात आला याचं कौतुक आहेच. पण कोकणात येऊनही नजर राजकमलचीच राहिली.

आणि त्या सजवलेल्या चौकटीत रंजना काय करते? ती पळते. एवढं साधं. बावीस वर्षांची मुलगी पळते, चढते, बसकण मारते, आणि तिच्या हालचालीत पहिल्यांदाच शिकवलेला डौल नाही. गाव तिच्याकडं बघतो तेव्हा ती मान खाली घालत नाही, उलट बघते. आधीच्या चित्रपटात जी नजर कुठं ठेवावी हे तिला कळत नव्हतं, तीच नजर इथं तिचं हत्यार झाली. कुतूहल आणि भीती तिच्या चेहऱ्यावर एकदम येतात, एकामागून एक नाही. हे शिकवून येत नाही. बापूंनी तिला चौकट दिली, पण चौकटीत राहूनही न सापडणं हे तिचं स्वतःचं. खारीसारखं.

खानोलकरांच्याच ‘कोंडुरा’ वर श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये चित्रपट केला. तो आंध्रात नेला, हिंदी-तेलुगू दोन्हींत केला, आणि त्यात स्मिता पाटील होती. जाणकार मंडळी तो चित्रपट वर ठेवतात, ‘चानी’ला खाली. चित्रपट म्हणून ते बरोबर असेल. पण त्याच तराजूत दोन नट्याही तोलल्या गेल्या : एक समांतर सिनेमाची म्हणून गंभीर, दुसरी धंद्याच्या सिनेमाची म्हणून हलकी. हा हिशोब आम्हाला मान्य नाही. स्मिताला तिच्यासाठी लिहिणारे, तिच्यासाठी कॅमेरा थांबवणारे दिग्दर्शक भेटले. रंजनाला ते क्वचित भेटले, जागा तिला स्वतः शोधून घ्यावी लागली.

‘सुशीला’, १९७८, अनंत माने. इथं ती शिक्षिका आहे आणि तिचं आयुष्य भलत्याच वाटेला लागतं. बरोबर अशोक सराफ. कथेत मेलोड्रामा भरपूर आहे, संवाद कानठळ्या बसवतात. पण रंजनाला इथं पहिल्यांदा चांगली बाई असण्यातून सुट्टी मिळाली, आणि तिनं ती पुरेपूर वापरली. आवाज खाली आणला, खांदे सैल सोडले. अशोक सराफांसारखा नट समोर असताना त्याच्या वेगाला वेग देत उत्तर करणं किती अवघड! ती ते करते, आणि हसवण्यासाठी करत नाही.

म्हणून पुढं ‘एक डाव भुताचा’, ‘गुपचूप गुपचूप’, ‘बिनकामाचा नवरा’ मध्ये जी विनोदी नायिका महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली, ती अचानक उगवली असं म्हणणाऱ्यांशी आमचं भांडण आहे. विनोदाला लागतं काय? अंगावरचा ताबा आणि वेळेवर बघणं. दोन्ही तिनं ‘चानी’त आणि ‘सुशीला’त कमावले होते. १९८१ च्या ‘अरे संसार संसार’ मध्ये ऐन पंचविशीत ती नव्या नवरीपासून म्हाताऱ्या आईपर्यंत जाते. त्यातलं म्हातारपण पांढऱ्या केसांनी आलेलं नाही, चालीतून आलेलं आहे. पण तो चित्रपट सुरुवातीच्या काळात बसत नाही, पुढच्या खेपेला घेऊ.

आता दिवे मालवून ‘चानी’चा पहिला भाग बघू. एक विनंती. देऊळ दिसलं, तळं दिसलं की तुम्ही एकमेकांना कोपरानं ढोसणार, हे आम्हाला ठाऊक आहे. ढोसा. पण तेवढ्यात ती काठावरून निघून गेलेली असते.