नायकाविना कादंबरी : एड मॅक्बेन यांचें स्मरण

हेरकथा म्हटली कीं विद्वानांच्या कपाळास आठी पडते, आणि रात्रीं घरांत निजानीज झाली म्हणजे तेच विद्वान दिवा जवळ ओढून ती कथा वाचीत बसतात, हा अनुभव सुशिक्षित कुटुंबांस नवा नाहीं. आम्हीही त्याच कुळांतले. एड मॅक्बेन यांचें पहिलें पुस्तक आमच्या हातीं आलें तें विद्यार्थिदशेंत, मुंबईस फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर. शेक्सपियरवरील टीकाग्रंथ शोधावयास गेलों आणि हें घेऊन परतलों. त्या गोष्टीस तीन तपें लोटलीं. मॅक्बेनही ६ जुलै २००५ रोजीं निवर्तले. परंतु त्यांचीं पुस्तकें आजही आमच्या कपाटांत आहेत, आणि आम्ही त्यांचे ऋणी आहों ते नेमके कशासाठीं, हें एकदां तपासून पाहावें असें वाटल्यावरून हे चार शब्द.

हे गृहस्थ मूळचे साल्व्हातोरे लोंबिनो. जन्म १९२६ सालीं न्यूयॉर्क शहरांत, इटालियन कुळांत. १९५२ सालीं त्यांनीं कायद्यानें इव्हॅन हंटर हें नांव घेतलें व त्या नांवानें 'ब्लॅकबोर्ड जंगल' (१९५४) ही शाळेवरील कादंबरी लिहून कीर्ति मिळविली. हिचकॉक यांच्या 'द बर्ड्स' (१९६३) या चित्रपटाची पटकथाही त्यांचीच. पुढें हेरकथांसाठीं घेतलेल्या एड मॅक्बेन या टोपणनांवानें १९५६ सालीं 'कॉप हेटर' प्रसिद्ध झाली आणि '८७ वें ठाणें' जन्मास आलें. कल्पित, परंतु न्यूयॉर्कच्याच वळणाच्या शहरांतील आयसोला नांवाच्या भागांतलें हें ठाणें सुमारें अर्धशतक, पन्नासांहून अधिक पुस्तकांत, चालू राहिलें.

पोलीस-तपासाच्या कादंबरीची वाट त्यांनींच प्रथम पाडली असें नव्हे. लॉरेन्स ट्रीट यांची 'व्ही ॲज इन व्हिक्टिम' १९४५ सालींच निघाली होती. मॅक्बेन यांनीं त्या पाऊलवाटेचा राजरस्ता केला. शेरलॉक होम्सच्या कथेंत सत्य एका असामान्य बुद्धीस विजेप्रमाणें दिसतें. पोलीस तेथें बहुधा हंसें करून घेण्यापुरते असतात. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारावर पोसलेल्या मराठी वाचकासही असाच एकटा वीर ओळखीचा. ८७ व्या ठाण्यांत मात्र वीज चमकत नाहीं. तेथें दारोदार फिरून तेच ते प्रश्न विचारावे लागतात, प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहावी लागते, आणि दहा धागे चाचपावे तेव्हां नऊ हातांत तुटून येतात. पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज, जुन्या शिक्षेची नोंद असे कागद मॅक्बेन जसेच्या तसे पानावर छापतात. कचेरीच्या त्या रुक्ष मजकुरांतून एखाद्या माणसाचें सबंध आयुष्य डोळ्यांपुढें उभें राहतें. सत्य हें एकाच्या प्रतिभेचें नव्हे, तर अनेक सामान्य माणसांच्या कष्टांचें फळ आहे, हा त्यांचा खरा सिद्धान्त.

तो पाळणें किती कठिण, याची साक्ष त्यांच्याच अनुभवांत सांपडते. सबंध ठाणें हाच नायक, कोणी एक व्यक्ति नव्हे, अशी मूळ योजना होती. म्हणून 'द पुशर' या तिसऱ्या कादंबरीच्या अखेरीस स्टीव्ह कॅरेला याचा मृत्यु त्यांनीं योजिला होता. परंतु नायकास मारतां येत नाहीं, अशी हरकत निघाली आणि कॅरेला वांचला. ही हकीकत मॅक्बेन यांनीं स्वतःच सांगितली आहे. आमच्या मतें येथें लेखक हरला व वाचक जिंकला. त्यानंतर जगांत पन्नास वर्षें उलटलीं, तरी कॅरेलाचें वय फारसें वाढलें नाहीं. जिनें वास्तवाची प्रतिज्ञा केली तिच्याच नायकास काळानें स्पर्श करूं नये, हा दोष होय. आणि कॅरेला वांचला म्हणून आनंदणारे आम्हीही त्या दोषाचे वांटेकरी होत.

याहून गंभीर आक्षेप असा, कीं ही कादंबरी वाचकास नकळत पोलिसाच्या बाजूस बसविते, आणि तेथून सत्ता नेहमीं सुजनच दिसते. मॅक्बेन यांस याची जाणीव नव्हती असें म्हणवत नाहीं. 'कॉप हेटर'मध्यें एकामागून एक पोलीस मारले जातात, आणि खुनी हा पोलिसांचा द्वेष्टाच असला पाहिजे या समजुतीनेंच ठाणें वाट चुकतें. ऑली वीक्स हा शेजारच्या ठाण्याचा अंमलदार तपासांत वाकबगार, पण मनानें वंशद्वेष्टा; त्याला लेखकानें झांकलें नाहीं. तथापि ठाणें ज्या व्यवस्थेवर उभें आहे, तिचीच झडती मॅक्बेन यांनीं क्वचित् घेतली. तें काम स्वीडनमध्यें मय श्योवाल व पेर वालू या दोघांनीं १९६५ ते १९७५ या काळांत दहा कादंबऱ्या लिहून केलें. सांचा पोलीस-तपासाचाच, परंतु आरोपीच्या पिंजऱ्यांत तेथें समाजही उभा आहे.

मग मॅक्बेन यांचें ऋण तें कोणतें? वर्गांत आम्ही आयुष्यभर प्रतिभेचीं स्तोत्रें गाइलीं. नेमून दिलेलें कंटाळवाणें काम नेटानें पुरें करणाऱ्या माणसाविषयीं आदर मात्र पदपथावरच्या त्या पुस्तकानें शिकविला. हें ऋण लहान नव्हे. ज्या वाचकांचा या लेखकाशीं अद्यापि परिचय नसेल त्यांनीं 'कॉप हेटर'पासूनच आरंभ करावा, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं लवकर उठावयाचें नसेल अशीच रात्र त्यासाठीं निवडावी.