ग्रंथकर्त्याच्या नावाने

‘कॉपीराइट’ ह्या शब्दासाठी मराठीत दोन प्रतिशब्द रूढ आहेत : ‘प्रताधिकार’ आणि ‘स्वामित्वहक्क’. पहिल्याने लक्ष ग्रंथाच्या प्रतींकडे जाते, दुसऱ्याने त्यांच्या धन्याकडे. ज्याने ग्रंथ निर्माण केला त्या ग्रंथकर्त्याचा निर्देश दोहोंतही नाही. हा केवळ शब्दांचा योगायोग असेल. तथापि ह्या कायद्याविषयी आपल्या देशात जे वाद झाले त्यांचे मर्म नेमके ह्या अभावात आहे. वादातील प्रत्येक पक्ष ग्रंथकर्त्याच्या नावाने बोलतो. ग्रंथकर्त्याने मात्र आपला हक्क बहुधा केव्हाच दुसऱ्याच्या स्वाधीन केलेला असतो. लेखकाचा हक्क आणि हक्कधारकाचे हित ह्या दोन भिन्न गोष्टी एकच समजल्या गेल्या, की विचाराची दिशाच चुकते.

१९५७ च्या भारतीय कायद्यात हा भेद मुळापासून आहे. त्याच्या १८ व्या व १९ व्या कलमांत साहित्यकृती ही हस्तांतरित करता येण्याजोगी मालमत्ता आहे. उलट ५७ व्या कलमात ती एका व्यक्तीची निर्मिती आहे. हक्क विकला गेल्यावरही कृतीवर आपले नाव असावे आणि तिचा विपर्यास होऊ नये, असे म्हणण्याचा अधिकार ह्या कलमाने लेखकापाशी राखून ठेवला. त्याची खरी कसोटी लागली ती मन्नू भंडारी ह्यांच्या ‘आपका बंटी’ ह्या कादंबरीच्या निमित्ताने. कादंबरीवरून चित्रपट काढण्याचा हक्क लेखिकेने दिला होता; परंतु पडद्यावर जे उतरले त्यात आपल्या कृतीचा आशयच पालटला, अशी तिची तक्रार होती. १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला, की माध्यमांतरासाठी काही बदल अपरिहार्य असले तरी मूळ कृती ओळखू येऊ नये इतका विपर्यास करण्याची मुभा करारातून मिळत नाही. साहित्यविचाराच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे. कारण आशय आणि आविष्कार ह्यांच्या संबंधाचा जो प्रश्न समीक्षक चर्चितात, तोच येथे न्यायासनापुढे उभा राहिला. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने ह्या कलमाची कक्षा आवळली. विपर्यास झाला एवढे दाखवून आता भागत नाही. त्यामुळे लेखकाच्या सन्मानास वा कीर्तीस बाधा पोचते, हेही सिद्ध करावे लागते.

दुसरा खटला ह्याच्या अगदी उलट प्रकारचा. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस ह्या प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठ आणि ‘रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस’ ह्या छोट्या दुकानाविरुद्ध दावा लावला. दुकान दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातले. अभ्यासक्रमात नेमलेल्या ग्रंथांतील प्रकरणांच्या छायाप्रती पानाला ४० पैसे ह्या ठरीव दराने काढून, त्यांचे संच बांधून तेथे विद्यार्थ्यांना विकले जात. प्रकाशकांची भूमिका अशी, की हा उघड व्यापार आहे आणि त्याने ग्रंथकर्त्यांचे हक्क पायदळी तुडविले जातात. परंतु ज्यांच्या नावाने हा युक्तिवाद चालला होता, त्यांच्यापैकीच अनेक अभ्यासकांनी ह्या दाव्यास जाहीर विरोध केला. अमर्त्य सेन ह्यांनीही प्रकाशकांना फेरविचार करण्याविषयी पत्र लिहिले. विद्वान लेखकाला प्रकरणाच्या छायाप्रतीने क्वचितच काही गमवावे लागते. वाचला जाणे हेच त्याचे मुख्य पारितोषिक असते. लेखक एका बाजूस आणि त्याचा हक्कधारक दुसऱ्या बाजूस, असे विलक्षण दृश्य ह्या खटल्याने दाखविले.

सप्टेंबर २०१६ मध्ये एकसदस्य पीठाने दावा फेटाळला. शिक्षणाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली पुनर्निर्मिती म्हणजे हक्कभंग नव्हे, असे ५२ वे कलम सांगते. विद्यार्थ्याने हाताने उतरवून घेतले काय किंवा यंत्राने प्रत काढली काय, तत्त्व तेच, असा त्या निकालाचा आशय होता. डिसेंबर २०१६ मध्ये द्विसदस्य पीठाने हे तत्त्व मान्य केले. मात्र उतारे अध्यापनासाठी खरोखरच आवश्यक होते काय आणि संपूर्ण ग्रंथांच्या प्रती काढल्या गेल्या काय, ह्या मुद्द्यांचा निर्णय पुराव्याने व्हावा म्हणून प्रकरण परत पाठविले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतल्याने हे प्रश्न अनिर्णीत राहिले.

ह्या अनिर्णीत भागाकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. बलाढ्य विदेशी संस्थेला दुकानातील काही संचांनी धक्का पोचत नाही, हे खरे. पण एखाद्या जिल्ह्याच्या गावी राहून भाषाशास्त्रावरचा वा वाङ्मयेतिहासावरचा एकच संदर्भग्रंथ पदरमोड करून छापणाऱ्या देशी भाषेतील प्रकाशकाची गोष्ट निराळी. त्याचा ग्राहकवर्ग म्हणजे ह्याच वर्गात बसलेले विद्यार्थी. अख्खे पुस्तक छायाप्रतीने फिरू लागले, तर त्याच्याकडून दुसरी आवृत्ती निघणार नाही. छायाप्रतींचे दुकान आणि हा प्रकाशक, दोघेही छोटे व्यावसायिकच आहेत. म्हणून प्रकरण आणि ग्रंथ, उतारा आणि पर्याय ह्यांत द्विसदस्य पीठाने सुचविलेला विवेक हा तांत्रिक काथ्याकूट नसून त्यावर देशी भाषांतील विद्याग्रंथांचे भवितव्य अवलंबून आहे.

तिसरे उदाहरण चित्रपटगीतांचे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने गीतकार व संगीतकार ह्यांच्यापेक्षा निर्मात्याचे पारडे जड झाले. पस्तीस वर्षांनी, २०१२ च्या दुरुस्तीने, ही स्थिती पालटली. राज्यसभेतील सदस्य ह्या नात्याने जावेद अख्तर ह्यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला होता. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य उपयोगांच्या मानधनातील समान वाटा गीतकाराला आता करारानेही सोडून देता येत नाही. दुर्बळ पक्षाची संमती ही पुष्कळदा नाइलाजाची संमती असते, हे सत्य कायद्याने येथे ओळखले.

परंतु हे संरक्षण चित्रपटात वा ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या कृतींपुरतेच आहे. तीच कविता केवळ कवितासंग्रहात छापली गेली, तर कवीला सर्व हक्क ठोक रकमेस कायमचे विकता येतात, आणि ती रक्कम किती असावी ह्याविषयी कायदा मौन पाळतो. करारात मुदत नसल्यास ती पाच वर्षे मानावी, ह्यासारख्या १९ व्या कलमातील तरतुदी उपकारक आहेत. पण ‘संपूर्ण मुदतीसाठी’ हे दोन शब्द करारात घातले, की तो आधार नाहीसा होतो. गीताला जे मिळाले ते कवितेला, कादंबरीला आणि प्रबंधाला का मिळू नये, ह्याचे तर्कशुद्ध उत्तर कायद्यात नाही. त्याचे कारण इतकेच, की गीतकार संघटित होऊन संसदेपर्यंत पोचले. ग्रंथकार पोचले नाहीत.

मुद्रितांच्या एकेका चिन्हासाठी झगडणारा लेखक करारपत्रावर मात्र न वाचता सही करतो. ह्या औदासीन्यास निःस्वार्थीपणा म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः त्यामुळे आपल्या नावाने कोणी बोलावे, हे ठरविण्याचा अधिकारच तो गमावून बसतो. विद्यार्थ्याला प्रकरण वाचावयास देणे आणि प्रकाशकाकडून न्याय्य वाटा घेणे ह्या दोन्ही गोष्टी ग्रंथकर्त्याच्याच आहेत. त्या त्याने स्वतः मागितल्या नाहीत, तर पुढच्या दुरुस्तीचा मसुदाही त्याच्या नावाने, पण त्याच्या अनुपस्थितीत तयार होईल.