कलाशिक्षणातील समता : शिलालेखांच्या साक्षीने एक चिकित्सा

विद्यापीठांच्या आणि त्यांना संलग्न असलेल्या ललितकला महाविद्यालयांच्या परिपत्रकांत ‘समावेशकता’, ‘विविधता’, ‘समन्याय’ हे शब्द अलीकडे वारंवार आढळतात. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु या शब्दांचा आशय बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या दारापाशी येऊन थांबतो. राखीव जागा भरल्या, शिष्यवृत्तीचे अर्ज पुढे पाठविले, तक्रार निवारण समितीचा फलक लावला, की कर्तव्य संपले असे मानले जाते. दारातून आत आलेल्या विद्यार्थ्याला आत काय शिकविले जाते, कोणत्या भाषेत शिकविले जाते आणि त्याचे मोजमाप कोणत्या मापाने होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखकाचा विषय पालि भाषा आणि साहित्य हा आहे, कलाशिक्षण नव्हे. तथापि एका ललितकला महाविद्यालयात पाहुणा अध्यापक म्हणून भारतीय कलेच्या इतिहासाचे काही तास घेण्याचा योग आला आणि तेथे जे दिसले, त्यावरून ही चिकित्सा करावीशी वाटली.

प्रारंभी स्वतःचीच चूक नोंदविणे इष्ट होईल. कार्ल्याचे चैत्यगृह शिकविताना मी सलग चार वर्षे वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख वाचून दाखवीत असे. जंबुद्वीपातील उत्तम शैलगृह आपण सिद्धीस नेले, असे तो त्यात म्हणतो. लेख भारदस्त आहे आणि विद्यार्थ्यांना तो आवडतोही. पाचव्या वर्षी मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, पैसे कोणी दिले ते कळले, पण हे केले कोणी?” तो वडार समाजातील होता. वास्तविक त्याच चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामिन नावाच्या सुताराचा लेख आहे आणि चैत्यगृहाचे मुख आपण केले, असे तो सांगतो. हा लेख मला ठाऊक होता. तरीही चार वर्षांत तो मी एकदाही वर्गात उच्चारला नव्हता. अभ्यासक्रमात ‘आश्रयदाते’ हे प्रकरण होते आणि ‘कारागीर’ हे नव्हते, एवढेच त्याचे कारण. मीही त्या चौकटीत मुकाट्याने बसलो होतो.

असे लेख थोडेथोडके नाहीत. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात कण्हाचा अंतेवासी बालक याने आपले नाव कोरले आहे. गुरू आणि शिष्य या दोघांची नावे एकाच ओळीत सांगणारा हा कारागिराचा लेख आहे. पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावर कण्हदास या सोनाराचे नाव आहे. सोनाराने दगडाची मूर्ती घडविली, यावरून शिल्पांच्या सीमा त्या काळी आपण समजतो तितक्या बंदिस्त नव्हत्या, असे म्हणण्यास जागा आहे. भारहूतच्या कठड्यावर बुद्धरक्षित नावाचा रूपकार दाता म्हणून येतो. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी रूपकर्म केल्याची नोंद आहे आणि त्याच तोरणावर राजा सिरि सातकणीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे दानही आहे. सांचीच्या शेकडो दानलेखांत भिक्षुणी आणि उपासिका यांची संख्या लक्षणीय आहे. विविधतेचा धडा शिकविण्यासाठी परदेशातून पुस्तके मागविण्याची आवश्यकता नाही; ही सामग्री आपल्या डोंगरांत आहे.

आता दुसरी बाजू. पालि वाङ्मयाचे अभ्यासक ‘आपल्याकडे सर्व समान होते’ असे सरसकट सांगू लागतात, तेव्हा मूळ ग्रंथावर अन्याय होतो. विनयपिटकातील पाचित्तिय विभागाच्या दुसऱ्या शिक्षापदाचे विवेचन पाहावे. तेथे शिल्पांची हीन आणि उत्कृष्ट अशी स्पष्ट विभागणी दिली आहे. बुरूड, कुंभार, विणकर, चांभार आणि न्हावी यांची शिल्पे हीन. मुद्रा, गणना आणि लेखन ही उत्कृष्ट. ही यादी लपविण्यात काही हशील नाही. मात्र ती तेथे कशासाठी आली आहे, हे पाहिले पाहिजे. जाती, नाव, गोत्र, कर्म, शिल्प, आजार, शरीरलक्षण इत्यादी दहा गोष्टींवरून दुसऱ्याला टोचून बोलणाऱ्या भिक्षूस दोष लागतो, असा हा नियम आहे आणि टोचणी कशी दिली जाते हे सांगण्यासाठी ती यादी आहे. शिवाय निरनिराळ्या जनपदांत जे जे अवमानिले जाते ते ते हीन, अशी पुस्तीही ग्रंथ जोडतो. म्हणजे हीनत्व टोपलीत किंवा मडक्यात नाही, ते त्या त्या प्रदेशातील लोकांच्या नजरेत आहे, हे ग्रंथकारांना कळले होते. तरीही त्या नजरेची त्यांनी नोंद केली, ती पुसून टाकली नाही. मला हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो.

लेखन वर आणि हातकाम खाली ही उतरंड मात्र आपल्या कलाशिक्षणाने जशीच्या तशी पुढे चालविली. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली, तेव्हा देशी कारागिरीची उन्नती हा तिचा एक हेतू होता. पुढे प्लास्टरच्या पाश्चात्य पुतळ्यांवरून रेखाटन करणे ही ‘कला’ झाली आणि धातुकाम, विणकाम, लाकूडकाम १८९०च्या सुमारास रे आर्ट वर्कशॉप्स या वेगळ्या कार्यशाळांत गेले. त्याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. लंडनला गेलेल्या त्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५च्या आगीत नष्ट झाल्या. ग्रंथावर नाव राहिले ते ग्रिफिथ्स यांचे. वर्षानुवर्षे अंधाऱ्या लेण्यांत बसून रंगकाम करणारे विद्यार्थी किती वाचकांना नावानिशी ठाऊक आहेत? कोंडाण्याच्या बालकाला जे साधले, ते यांना साधले नाही.

प्रवेश मिळाल्यानेच प्रश्न सुटत नाही, याचे ठळक उदाहरण केरळात सापडते. १९३० साली स्थापन झालेल्या आणि पुढे अभिमत विद्यापीठ झालेल्या केरळ कलामंडलममध्ये हैदर अली हे मुस्लिम तरुण कथकळी गायन शिकले आणि थोर गायक झाले. परंतु कथकळीचे पारंपरिक व्यासपीठ असलेल्या अनेक मंदिरांची दारे त्यांना बंदच राहिली. २००६ साली ते निवर्तले. मार्च २०२४ मध्ये आर. एल. व्ही. रामकृष्णन या दलित नर्तकाच्या वर्णावरून एका नृत्यशिक्षिकेने जाहीरपणे हेटाळणी केली. मोहिनीआट्टम त्यांनी करू नये, असा तिचा रोख होता. रामकृष्णन यांनी याच नृत्यप्रकारात आणि याच संस्थेत पीएच.डी. केली होती. वर उल्लेखिलेल्या शिक्षापदात टोचणीच्या शरीरलक्षणांमध्ये ‘अतिकण्ह’, म्हणजे फार काळा, हा शब्द आहे, याचे येथे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. संस्थेने मात्र या वेळी नुसता निषेध केला नाही. तिने रामकृष्णन यांना नृत्यासाठी पाचारण केले आणि मोहिनीआट्टमचा अभ्यासक्रम मुलांसाठी खुला केला. जानेवारी २०२५ मध्ये ते तेथे भरतनाट्यमचे साहाय्यक प्राध्यापक झाले. निषेधाच्या पत्रकापेक्षा नेमणुकीचे पत्र अधिक बोलते.

आपल्याकडे अनुसूचित जातींना १३ टक्के आणि जमातींना ७ टक्के राखीव जागा आहेत. त्यांविषयी वेगळे लिहिण्याचे प्रयोजन नाही. शिष्यवृत्तीविषयी इतकेच सांगतो, की कॅनव्हास आणि रंग सत्राच्या पहिल्या आठवड्यात लागतात आणि रक्कम पुष्कळदा वर्ष उलटताना खात्यावर येते. ज्याच्या घरी उसने देणारे कोणी नाही, तो दुसऱ्याच्या उरलेल्या रंगांत काम करतो आणि परीक्षक त्याच्या चित्रावर ‘रंगसंगती मर्यादित’ असा शेरा मारतात.

पुन्हा त्या मागच्या बाकावरील विद्यार्थ्याकडे वळतो. अजिंठ्याच्या २४ क्रमांकाच्या अपूर्ण लेण्याचे छायाचित्र दाखविताना, खोदकाम छतापासून खाली कसे येत गेले, हे मी पुस्तकाच्या आधारे सांगत होतो. त्याने उठून फळ्यावर आकृती काढली. आधी समांतर चर मारायचे, मधला दगड उभा ठेवायचा, मग पहार आणि सुतकी घालून तो पाडायचा. छिन्नी फक्त शेवटी. “आमच्या आजोबांच्या खाणीत असेच असायचे,” एवढेच तो म्हणाला. वर्गाला त्या दहा मिनिटांत जे उमगले, ते माझ्या चार व्याख्यानांत उमगले नव्हते. वार्षिक परीक्षेत याच विषयात तो अनुत्तीर्ण झाला. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहावयाची होती. खोदकामाच्या तंत्रावर प्रश्नच नव्हता. भूतपालाच्या दानावर होता. तो प्रश्न मीच काढला होता.

यानंतर मी महाविद्यालयाकडे तीन सूचना लेखी दिल्या. कलेतिहासाचे उत्तर मराठीत लिहिण्याची मुभा असावी. कारागिरांच्या लेखांचे एक प्रकरण अभ्यासक्रमात घालावे. तंत्राच्या तोंडी परीक्षेस परंपरेने काम करणारा एखादा पाथरवट किंवा ओतारी परीक्षक म्हणून बसवावा. पहिली सूचना मान्य झाली. दुसरी अभ्यासमंडळाकडे आहे. तिसरीवर ‘अर्हता नाही’ असे उत्तर आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली औपचारिक पदवीची अट शिथिल करून व्यवसायातील जाणकारांना प्राध्यापक म्हणून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती मी पत्रासोबत जोडली होती. त्या तत्त्वांचा लाभ पाथरवटास का मिळू नये, याचे कारण उत्तरात दिलेले नाही. मी ते पुन्हा विचारले आहे.