चार लिपींचे एक घराणे : 'बालू' मुद्राक्षरे आणि खुला परवाना

संगणकीय आज्ञावलीची प्रत काढण्यास खर्च जवळजवळ पडत नाही. म्हणून प्रत काढू न देणे हाच त्या धंद्याचा आधार दीर्घकाळ राहिला. १९९८ साली 'ओपन सोर्स' हे नाव लाभलेल्या विचाराने तो आधारच डळमळीत केला. सोलापूरसारख्या बहुभाषी नगरातून या बदलाकडे पाहावयाचे, तर मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने सिद्ध केलेली 'बालू' मुद्राक्षरे तपासणे इष्ट होय.

मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या सोलापूरच्या चारही भाषांची अक्षरे या घराण्यात आहेत. कन्नड अक्षरांस 'तम्मा' व तेलुगू अक्षरांस 'तम्मुडू' अशी नावे आहेत. दोहोंचा अर्थ धाकटा भाऊ. उर्दूस मात्र 'भाईजान' म्हणून वडीलपणाचा मान! लिपी भिन्न असूनही रेषेची जाडी आणि गोलाई यांत एकच हात जाणवतो. एकाच पाटीवर एक लिपी यजमान आणि इतर पाहुण्या वाटू नयेत, ही अवघड गोष्ट येथे साधली आहे. तथापि हे अक्षर पाटीचे आणि मथळ्याचे. पुढे 'बालू २' मध्ये पाच वजने आली, तरी प्रबंधाचे पान त्यात वाचणे शिणवणारेच ठरेल.

'ओपन फाँट लायसन्स' या परवान्यानुसार ही अक्षरे कोणीही वापरावी, बदलावी, वाटावी. ती नुसती मात्र विकता येत नाहीत, आणि बदललेले रूपही त्याच परवान्याखाली ठेवावे लागते. निर्णयसागराच्या काळी शिशाचे खिळे विकत घ्यावे लागत. मग आता रेखनकाराचे वेतन कोठून यावे? रेड हॅट कंपनीने आज्ञावली खुली ठेवून देखभालीची वर्गणी विकली, आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरांस घेतली. अक्षरांस अशी वर्गणी कोण देणार? तेथे गूगलसारखी मोठी कंपनी आधीच मोबदला देऊन रचना करवून घेते. म्हणजे अक्षराचा ग्राहक वाचक वा मुद्रक न राहता काम सोपविणारा झाला.

मराठीच्या दृष्टीने खरा प्रश्न येथे आहे. आपल्या 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून वेगळी. 'दऱ्या'तील अर्धा र तर हिंदीस लागतच नाही. काम सोपविणाऱ्यास हे ठाऊक नसल्यास ते राहून जाते. पूर्वी मुद्रक तक्रार करून थांबे. खुल्या परवान्यात त्याला किंवा भाषा-विभागाला अक्षर स्वतः दुरुस्त करून वाटता येते. मात्र त्यासाठी अक्षररेखन आणि युनिकोडची जोडणी जाणणारा माणूस विभागात हवा. तो नसेल, तर ही अनुज्ञा कागदावरच राहते.