हेन्द्रेर अविद इखाव : एका वेल्श शेतघराचें परीक्षण

वेल्समधील कार्डिफ शहराजवळ सेंट फॅगन्स येथें 1948 सालीं लोकजीवनाचें संग्रहालय उघडलें. देशाच्या निरनिराळ्या भागांतून सोडवून आणलेलीं जुनीं घरें तेथें पुन्हां उभारलीं आहेत. त्यांपैकीं 'हेन्द्रेर अविद इखाव' या शेतघराचें परीक्षण येथें करावयाचें योजिलें आहे. हें घर मूळचें ईशान्य वेल्समधील डेन्बीशर परगण्यांतील लान्गिनहावल येथील. संग्रहालयांत तें 1962 सालीं खुलें झालें. 'हेन्द्रे' म्हणजे कुटुंबाचें कायमचें, हिवाळ्याचें ठिकाण. उन्हाळ्यांत गुरें घेऊन डोंगरावर राहत त्या जागेस 'हावोद' म्हणत.

घर पांच खणांचें आहे. वाकड्या ओकाच्या खांबांच्या जोड्या जमिनीजवळून निघून थेट आढ्यापाशीं एकमेकींस मिळतात. छपराचा मुख्य भार त्यांवर असल्यामुळें भिंती केवळ आडोशाच्या : लांकडी चौकटींत फोकांचा कूड, वर मातीचा लिंपा. छप्पर शाकारलेलें. खालचे दोन खण गुरांचे, बाकीचे माणसांचे. दालनांत जमिनीवर उघडी आगटी. धुराडें नाहीं, खिडक्यांस कांच नाहीं.

हें घर पूर्वीं पंधराव्या शतकांतलें मानीत. पुढें लांकडांतील वार्षिक वलयें मोजून बांधणीचें वर्ष 1508 ठरविण्यांत आलें. हें प्रमाण आम्हांस फार मोलाचें वाटतें. तथापि वलयें झाड केव्हां तोडलें एवढेंच सांगतात, आणि अचूक वर्षासाठीं सालीजवळचें शेवटचें वलय शिल्लक असावें लागतें. कागदाचें वय तेंच लेखनाचें वय नव्हे, हें पोथ्या हाताळणाऱ्यांस सांगावयास नको. जुनें लांकूड नव्या घरांत बसविण्याची चाल असतेच. म्हणून सांधे, खाचा व जोडणी पाहिल्याखेरीज वलयांचा निर्णय पुरा होत नाहीं.

आमचा आक्षेप वेगळाच आहे. घर मांडलें आहे तें 1508 सालचें. परंतु अशा दालनघरांत सोळाव्या-सतराव्या शतकांत धुराडीं घालण्याची व वर माळे चढविण्याची चाल पडली. हेन्द्रेरमध्यें शिरणाऱ्यास मात्र आरंभाचा एकच क्षण दिसतो. मधलीं साडेचार शतकें दिसत नाहींत. नंतरच्या हातांच्या दुरुस्त्या व समासांतील टिपा खरडून 'शुद्ध पाठ' छापावा, तसा हा प्रकार झाला. अशा पाठानें मूळ ग्रंथकर्ता कळेल. पोथी कोणी वाचली, कशी वापरली, हें कळणार नाहीं.

दुसरी वाट त्याच आवारांत आहे. गॉवर द्वीपकल्पांतून आणलेलें केनिक्स्टन शेतघर 1610 च्या सुमाराचें. त्यास पुढें सतराव्या व अठराव्या शतकांत जोड दिलेले भाग काढून न टाकतां राखले आहेत. त्याच्या तांबड्या भिंती दुष्ट शक्तींपासून रक्षण करतात अशी समजूत होती. तीहि इतिहासाचाच भाग होय.

हेन्द्रेरच्या उभारणीमागील परिश्रम आम्ही कमी लेखीत नाहीं. तें घर उचललें नसतें तर कदाचित् आज पाहावयास उरलें नसतें. परंतु आरंभ दाखविण्यासाठीं मध्य झांकला असेल, तर तो कोठें झांकला हें घरांतच सांगितलें पाहिजे. संपादकानें काय गाळलें हें वाचकास कळणें हा वाचकाचा हक्क आहे, मग ग्रंथ कागदाचा असो कीं ओकाचा.