हंगाम कोणाचा, गाणे कोणाचे?

गेल्या फेब्रुवारीत मी महाविद्यालयातील मराठीच्या विद्यार्थ्यांना एक साधा विषय दिला होता : 'या हिवाळ्यात मी पाहिलेला सांस्कृतिक कार्यक्रम'. बहुतेकांनी मुंबईच्या काळा घोडा महोत्सवावर लिहिले. दोघेतिघे डिसेंबरात पुण्याला 'सवाई'ला जाऊन आले होते, त्यांनी त्यावर लिहिले. एक मुलगी मात्र कोरा कागद घेऊन माझ्याकडे आली. ५ डिसेंबरची सारी रात्र ती आईबरोबर दादरच्या शिवाजी पार्कवर होती. मराठवाड्यातून आलेल्या एका गायन पार्टीचे गाणे तिने जमिनीवर बसून पहाटेपर्यंत ऐकले होते. ध्वनिक्षेपक नव्हता, पेटी, ढोलकी, झांज आणि चार माणसांचा कोरस. तिने विचारले, "सर, हे चालेल का? याला सांस्कृतिक कार्यक्रम म्हणतात का?"

मी 'चालेल' म्हणालो. पण तिला हा प्रश्न पडावा याचीच मला लाज वाटली. कारण त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी दलित साहित्याची समीक्षा करणाऱ्या आम्हा लोकांची होती आणि ती आम्ही नीट पार पाडलेली नाही.

शहराचा सांस्कृतिक हंगाम म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये पुण्यात महोत्सव सुरू केला. काळा घोडा महोत्सव १९९९ पासूनचा. मी या महोत्सवांचा वैरी नाही. सवाईच्या मंडपात भारतीय बैठकीवर मांडी घालून मीही ऐकलेले आहे आणि त्या सुरांनी मला जे दिले ते मी नाकारणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. केवळ चांगले गाणे झाले म्हणून हंगाम तयार होत नाही. आधी कार्यक्रमपत्रिका छापली जाते, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात परीक्षण येते, कोणता राग कसा मांडला यावर वाद होतो, ध्वनिमुद्रण जपले जाते, आणि दहा वर्षांनी कोणीतरी आठवणींचा लेख लिहितो. म्हणजे गाण्याभोवती लेखन उभे राहते, तेव्हा त्या गाण्याला 'संस्कृती' हे नाव मिळते. लेखन ज्यांच्या हातात, हंगामही त्यांचाच ठरतो.

आपलेही एक वर्षचक्र आहे. १ जानेवारी, १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. या प्रत्येक दिवसाला गाणे आहे आणि त्या गाण्याला इतिहास आहे. सत्यशोधकी जलशांची वाट पुढे नेत भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० नंतरच्या काळात आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा साचा त्यांनी घेतला, पण त्यातली देवादिकांची स्तुती आणि शृंगार बाजूला सारून तिथे महाड, काळाराम, शिक्षण आणि स्वाभिमान आणला. ही केवळ प्रचाराची युक्ती नव्हती, तो कलेच्या आकृतिबंधात केलेला हस्तक्षेप होता. पुढे वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून गीत रचले. प्रल्हाद शिंद्यांनी कव्वालीचा बुलंद आवाज वस्तीत आणला. शाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर गाता गाता कोसळले आणि गेले. या परंपरेत गाण्याचे मुकाबले झाले, सवाल-जवाब झाले, रात्र रात्र चाललेल्या श्रोत्यांच्या फर्माइशी झाल्या. हा हंगाम नव्हे तर काय आहे?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाणाचा दिवस आहे, उत्सवाचा नाही. आमच्या आया चैत्यभूमीच्या रांगेत सात-आठ तास उभ्या राहतात त्या करमणुकीसाठी नव्हे. हे मला पूर्ण मान्य आहे. पण शोकालाही स्वतःची कला असते. १९५६ च्या त्या दिवसानंतर जी गाणी बांधली गेली, ती दुःख आणि निर्धार एकाच चालीत कशी पेलतात, याचा विचार करणे म्हणजे शोकाचा अवमान नव्हे. उलट तो विचार न करणे म्हणजे ते गाणे 'भोळ्या भावनेचे' म्हणून सोडून देणे आहे, आणि प्रस्थापितांनी आजवर तेच केले.

शोकाचे गाणे शहराच्या हंगामात हक्काने उभे राहू शकते काय, याचे एक उत्तर चेन्नईने दिले आहे. तिथला मार्गळी महिना म्हणजे कर्नाटक संगीताचा मोसम. १९२७ च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाबरोबर भरलेल्या संगीत परिषदेतून १९२८ मध्ये म्युझिक अकादमी निघाली आणि पुढे डिसेंबरातल्या सभांची परंपरा रुजली. त्या मंचांवर ब्राह्मण गायकांचे आणि श्रोत्यांचे वर्चस्व राहिले. याच शहरात परै हे वाद्य अस्पृश्यांचे आणि मर्तिकाचे म्हणून अशुभ मानले जात होते. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतले गाना हे गीतही मर्तिकाच्या रात्री गायले जाणारे. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम सांस्कृतिक केंद्राने २०१८ च्या जानेवारीत 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा वाद्यवृंद लोकांसमोर आणला, आणि २०२० च्या डिसेंबरपासून 'मार्गळीयिल मक्कळिसै', म्हणजे मार्गळीतले लोकसंगीत, हा महोत्सव सुरू केला. त्यांनी सभांच्या दारात उभे राहून प्रवेश मागितला नाही. त्यांनी महिन्यावरच हक्क सांगितला. जे गाणे अशुभ ठरवले होते तेच शुभ मानलेल्या महिन्यात वाजवले. ही कृती मला महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे मात्र वेगळेच दिसते. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. तिथे कबीर कला मंचाचे कलावंत गायले. तिथली गाणी आणि भाषणे यांवरून २०१८ च्या जानेवारीत फिर्याद दाखल झाली आणि २०२० च्या सप्टेंबरात त्या मंचाच्या तीन कलावंतांना अटक झाली. सवाईचेच शहर, महिनाही तोच. एका मंडपातल्या गाण्याचे परीक्षण वृत्तपत्रात आले, दुसऱ्या गाण्याचा तपशील फिर्यादीच्या कागदावर गेला. आपले गाणे लक्ष देऊन ऐकणारा आणि लिहून घेणारा जर केवळ पोलीसच असेल, तर समीक्षक म्हणून आपण कुठे होतो?

हा प्रश्न मी आपल्यालाच विचारतो आहे. दलित कवितेवर, आत्मकथनांवर आपण पुष्कळ लिहिले. गाण्यावर मात्र गौरवपर लेख आणि स्मरणिका यांपलीकडे नियमितपणे फारसे लिहिले नाही. त्याचे परिणाम आज दिसतात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत छातीत धडधड व्हावी इतक्या मोठ्या आवाजात डीजे वाजतो, पण गीतकाराचे नाव कोणाला ठाऊक नसते. वामनदादा शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफत, म्हणून त्यांचे गीत निदान त्यांचे राहिले. ज्यांनी नाव गुंफले नाही त्यांचे काय? चित्रपटाच्या चालीवर बांधलेले गाणे चालीची उधारी फेडून स्वतःचे काही देते की नाही, हेही आपण विचारत नाही. आणि सर्वांत गंभीर म्हणजे, भजनाच्या साच्यात बाबासाहेबांना बसवले की साचा त्यांना देव करून टाकतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला होता. ज्या गाण्यात तो इशारा विसरला जातो, त्या गाण्याला 'कमी पडले' असे म्हणण्याचे धैर्य आपल्यापाशी असले पाहिजे. प्रेमापोटी टीका टाळणे म्हणजे त्या गायकाला कलावंत न मानणे होय.

म्हणून माझी सूचना लहान आहे. शिक्षक, विद्यार्थी, कार्यकर्ते यांनी येत्या वर्षचक्रात निदान एका कार्यक्रमाचे परीक्षण लिहावे. ठिकाण, तारीख, गायकाचे नाव, गीतकाराचे नाव, ढोलकी कोणी वाजवली, चाल कोणाची, श्रोते कुठे उठून गेले आणि कुठे थांबले, हे सारे त्यात यावे. चांगले असेल तर का चांगले, आणि फसले असेल तर कुठे फसले, हेही यावे. नियतकालिकांनी त्यासाठी दोन पाने राखून ठेवावीत.

त्या मुलीने नंतर तीन पाने लिहून दिली. त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. पण गाणारी बाई तिसऱ्या अंतऱ्यावर का थांबली आणि कोरसने तिला कसे सावरले, हे तिने नेमके टिपले होते. गाणाऱ्या बाईचे नाव मात्र त्यात नव्हते. मी कागद परत दिला आणि सांगितले, "येत्या पाच डिसेंबरला पुन्हा जा. नाव विचारून ये."