स्टार्टएक्स : एक नाट्यपरीक्षण

नाटक लिहिणाऱ्यांवर, करणाऱ्यांवर आणि पाडणाऱ्यांवर आपल्याकडे भरपूर लिहून झाले आहे. पडदा ओढणाऱ्यावर मात्र कुणी चार ओळी खरडल्याचे ऐकिवात नाही. शाहू महाराजांनी १९१५ साली थिएटर उभे करून दिलेल्या आणि टीकेचा हक्क तिकिटाच्या आधीच बजावणाऱ्या आमच्या कोल्हापुरात तरी ही उणीव बरी नव्हे. म्हणून आज परीक्षणाला घेतली आहे लिनक्स संगणकावरची 'स्टार्टएक्स' ही आज्ञा.

कथानक साधे आहे. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. ह्या अवस्थेत संगणक सगळी कामे करतो, पण मराठीशी त्याचा उभा दावा. त्या काळ्या पडद्याच्या पेटीत फार तर ५१२ चिन्हे मावतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची विद्या त्याला अवगत नाही. 'ज्ञानेश्वर' लिहिले तर माउलींची ओळख पटणे कठीण. अशा वेळी 'स्टार्टएक्स' एवढे टंकायचे. पडदा वर जातो, खिडक्या येतात, अक्षरे माणसांसारखी दिसू लागतात.

मूळ नायक 'एक्स' हा १९८४ साली अमेरिकेत एमआयटीत जन्मला. आधीच्या प्रणालीचे नाव 'डब्ल्यू', म्हणून हा एक्स. बारशाला एवढे कमी श्रम घेतलेले घराणे दुसरे नसेल. १९८७ साली त्याची अकरावी आवृत्ती आली. तेव्हापासून गडी अकरावीतच आहे. आमच्या आळीत असे दोघेतिघे होते, पण त्यांनी निदान शाळा तरी सोडली.

'स्टार्टएक्स' हा स्वतः नायक नव्हे, सूत्रधार. तो 'एक्सइनिट'ला हाक मारतो, एक्सइनिट एक्सला उठवतो आणि मग पात्रे कुठली आणायची ते एका चिठ्ठीत वाचतो. त्या फाईलचे नाव टिंबाने सुरू होते. आपल्याकडे कपाळावर टिकली लावली की बाई उठून दिसते. इथे टिकली लावली की फाईल दिसेनाशी होते! ही चिठ्ठी नसेल तर काही संगणकांवर मूळ कंपनीचा प्रयोग लागतो : एक घड्याळ आणि आज्ञा टंकायच्या तीन खिडक्या. म्हणजे काळ्या पडद्याला कंटाळून आलेल्या माणसाला तेच तिप्पट. त्यातही एक खिडकी घरधनीण. ती मिटली की सगळा संसार आटोपतो आणि तुम्ही पुन्हा काळ्या पडद्यापुढे. ही रचना कुणी केली, त्याला खासबागेत उभे करावे.

एवढे दोष असूनही मी ह्या सूत्रधाराच्या बाजूचा आहे. आमच्या शेजारच्या मास्तरांनी आईच्या जात्यावरच्या ओव्या जुन्या संगणकावर टिपून ठेवलेल्या. आई गेल्यावर महिन्याभरात संगणक हट्टाला पेटला. नाव सांगा, परवलीचा शब्द सांगा, पडदा क्षणभर लवतो आणि पुन्हा नाव विचारतो! ना चूक सांगतो, ना कारण. दुकानदार म्हणाला, "नवीन घ्या की." मास्तर माझ्याकडे आले नि म्हणाले, "नवीन घीन हो, पर त्यात आई कुठं हाय?"

आम्ही कंट्रोल, आल्ट आणि एफ-तीन दाबून काळ्या पडद्यावर उतरलो आणि 'स्टार्टएक्स' टंकले. प्रयोग लागला नाही, पण सूत्रधाराने तिथल्या तिथे तक्रार मांडली : अमुक टिंबवाल्या फाईलवर मला लिहिता येत नाही. पाहतो तो फाईलची मालकी 'रूट' ह्या सर्वाधिकाऱ्याच्या नावावर! मास्तरांच्या पुतण्याने मागे कधीतरी अधिकाराचा डोस देऊन पडदा उघडला होता, त्याचा हा परिणाम. एका आज्ञेत फेरफार नोंदवून सातबारा मास्तरांच्या नावावर केला. पुन्हा 'स्टार्टएक्स'. पडदा वर गेला. मास्तरांनी ओव्यांची फाईल उघडली, पहिली ओळ मोठ्याने वाचायला घेतली आणि अर्ध्यावर चष्मा पुसायला थांबले.

तात्पर्य, देखणा दरवाजा पुष्कळदा कारण न सांगता परत पाठवतो. हा रांगडा गडी परत पाठवतो, पण का ते सांगून. आता २००८ साली निघालेल्या 'वेलँड'ने एक्सची जागा घ्यायला सुरुवात केली आहे, आणि तिथे ह्या सूत्रधाराला काम नाही. ठीक आहे, नाटक बदलते, पात्रेही बदलतात. नव्या मंडळींना एवढेच सांगणे : पडदा रेशमी लावा, जरीचा लावा, पण अडकला तर आत काय अडले ते ओरडून सांगणारा एक माणूस विंगेत ठेवा. कुणाची तरी आई आत असते.